मुलाला फुटबॉलला घातलंत? कोचला तुमच्याकडून काय हवं असतं

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून कोचच्या अपेक्षा फार नसतात, पण त्या आधी कोणी सांगतही नाही. मग तिसऱ्या आठवड्यात कुरबुरी सुरू होतात. बूट मोठे झाले, जन्माचा दाखला सापडत नाही, मुलाला बाहेर का बसवलं, रेषेवरून वडील का ओरडत होते. मैदान मुंबईतल्या टर्फचं असो की कोल्हापुरातल्या लाल मातीचं, आम्हा कोचचं मागणं एकच असतं: रेषेबाहेरचं सगळं तुम्ही चोख सांभाळा आणि रेषेच्या आतलं मुलावर सोडा. म्हणजे काय करायचं, ते पहिल्या दिवसापासून क्रमाने पाहू.

नाव घालण्याआधी एक सराव बघून घ्या

फी भरण्याआधी एक अख्खा सराव बाजूला बसून बघा. बघायचं एवढंच, की एका मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो. वीस मुलं एका रांगेत उभी आणि चेंडू एकच, असं असेल तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं येतात. सहा-सात वर्षांच्या गटात प्रत्येकाकडे स्वतःचा चेंडू हवा. एका कोचमागे बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं नसावीत.

मग विचारा. कोचकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कुठलं लायसन्स आहे? डी लायसन्स ही खालची पायरी, त्यावर सी, बी, ए. प्रथमोपचाराची पेटी कुठे असते? कपडे बदलायच्या खोलीत मुलांसोबत कोण असतं? हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. मुलासोबत बंद खोलीत कोणीही मोठं माणूस एकटं नसावं आणि कोचने मुलाला खासगी मेसेज पाठवू नयेत, जे काही कळवायचं ते पालकांच्या ग्रुपवर. चांगल्या कोचला असले प्रश्न आवडतात, कारण त्याचंही त्यातच संरक्षण आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मैदानालाही लागू आहे. कधी शंका आली तर चाइल्डलाइनचा क्रमांक 1098.

कागद

जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आणि चार पासपोर्ट फोटो, प्रत्येकाची स्कॅन केलेली प्रत मोबाइलमध्ये ठेवा. अधिकृत स्पर्धांसाठी खेळाडूची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते, आणि आपल्याकडे ती सगळ्यात जास्त अडते नावापाशी. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे दुरुस्त होत नाही. नाव घातल्याच्या पहिल्या महिन्यातच दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्या.

वयात फेरफार करू नका. 'वर्षभर कमी दाखवू, निवड सोपी होईल' असं कोणी सुचवलं तर तिथून मूल काढून घ्या. वयाची शंका आल्यास डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. त्यात सापडलं की शिक्षा मुलाला होते, तुम्हाला नाही. आणि वयोगट साधारणपणे 1 जानेवारीपासून मोजतात, हेही लक्षात ठेवा. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात येतं, आणि आठ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. तुमचं डिसेंबरचं मूल धावण्यात मागे पडत असेल तर ते कमी आहे असं लगेच ठरवू नका.

कागदांसोबत एका पानावर तब्येतीची माहिती लिहून द्या: दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, जुनं फ्रॅक्चर, चष्म्याचा नंबर. दमा असेल तर इनहेलर मुलाच्याच बॅगेत, त्यावर नाव घालून, आणि तो कसा द्यायचा हे कोचला एकदा करून दाखवा. 'दमा आहे म्हटलं तर संघात घेणार नाहीत' या भीतीने लपवू नका. धूळ उडत असताना धाप लागलेलं मूल दमलंय की त्याला दम्याचा झटका आलाय, हे माहिती नसताना ओळखायला जी चार मिनिटं जातात, तीच महागात पडतात.

बॅगेत काय

बूट. पालक हमखास चुकतात ते इथे. 'दोन वर्षं चालतील' म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतात. मग पाय आत सरकतो, टाच घासून फोड येतो, आणि मूल चेंडू मारायला जातं तेव्हा बुटाचं टोक आधी जमिनीला लागतं. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पुरे. दुकानात खेळाचे जाड मोजे घालून, उभं राहून, संध्याकाळी माप घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. वाढीच्या वयात दर तीन-चार महिन्यांनी पुढचं टोक दाबून बघा.

तळवा कुठला घ्यायचा हे मैदानावर ठरतं. कृत्रिम टर्फवर आणि मुरुमाच्या कडक मैदानावर बारीक बारीक गोट्यांचे टर्फ शूज. लांब स्टड फक्त मऊ गवतावर. कडक जमिनीवर लांब स्टड रुतत नाहीत, सगळा भार चार-सहा टोकांवर येतो आणि मुलाच्या टाचा दुखायला लागतात. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलेत तर सोल सुटतो.

शिन गार्ड, म्हणजे नडगीवरच्या संरक्षक पट्टीशिवाय सामना खेळताच येत नाही, तो खेळाचा नियम आहे. सरावालाही घालून पाठवा. गार्ड घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खाली तीन-चार बोटांपर्यंत यावा आणि मोज्याने पूर्ण झाकला जावा.

दागिने, कडं, गळ्यातला ताईत, मनगटाचा दोरा, कानातलं, हे सगळं घरी काढून ठेवा. वरून चिकटपट्टी लावलेलीही नियमाला चालत नाही. नुकतेच कान टोचले असतील आणि बाळ्या काढता येत नसतील तर तोवर सामना खेळता येणार नाही. म्हणून कान टोचायचे तर मे महिन्याच्या सुट्टीत, स्पर्धेच्या तोंडावर नको. देवाचा दोरा काढायला घरात कोणाची ना असेल तर तो बोलण्याचा विषय मैदानावर रेफरीसमोर नको, आदल्या रात्री घरातच मिटवा.

घरी खेळायला चेंडू घ्याल तेव्हा आकार बघा. सात-आठ वर्षांपर्यंत 3 नंबर, बारापर्यंत 4, पुढे 5. लहान मुलाला मोठा जड चेंडू दिला की ते तो पायाच्या टोकाने मारायला शिकतं, आणि ती सवय मोडायला नंतर अख्खा हंगाम जातो.

उरलेलं सामान: नाव घातलेली एक लिटरची बाटली, छोटा नॅपकिन, सुके मोजे, पावसाळ्यात कोरडा टी-शर्ट. बॅग मुलानेच भरायची आणि मुलानेच उचलायची. लेसही त्याची त्यानेच बांधायची. नऊ वर्षांचं मूल रेषेवर येऊन आईसमोर पाय पुढे करतं, आई खाली वाकते, आणि तेवढ्यात त्याचा संघ नऊऐवजी आठ जणांनी खेळत असतो. दोन गाठींची लेस रविवारी घरी बसवून शिकवा, वीस मिनिटांचं काम आहे.

सरावाच्या दिवशी

साडेपाचचा सराव म्हणजे साडेपाचला बूट घालून मैदानात. म्हणजे मैदानावर सव्वापाचला. उशिरा आलेलं मूल नेमका वॉर्म-अप चुकवतं. सात ते तेरा वयासाठी फिफाने बनवलेल्या '11+ किड्स' या व्यायामांत एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, नीट पडायला शिकणं असे प्रकार असतात. ते दुखापत टाळण्यासाठीच असतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपतात.

येणार नसाल तर आदल्या रात्री ग्रुपवर कळवा. चौदा मुलं धरून सातास सातचा खेळ ठरवलेला असतो. तीन जण न सांगता गैरहजर राहिले की संघ विषम होतात आणि बाकीच्या अकरा मुलांचा सराव बिघडतो.

खाणं सोपं आहे. पोटभर जेवण अडीच-तीन तास आधी. अर्धा-पाऊण तास आधी केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा दोन-तीन खजूर. निघताना ग्लासभर दूध पाजू नका, धावताना तेच वर येतं. वडापावही नंतर. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं, लहान मुलाला एका वेळी शंभर ते दोनशे मिली. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मार्चपासून पुढे लिंबू, साखर, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी द्या. एनर्जी ड्रिंक मुलांसाठी नाही, त्यात कॅफीन असतं. खेळ झाल्यावर तासाभरात नीट जेवण: वरणभात, अंडं, उसळ-पोळी, जे घरात असेल ते.

धाकट्या भावंडांवर नजर ठेवा. हलवता येणाऱ्या गोलपोस्टला लोंबकळू देऊ नका. जमिनीला न खिळलेला पोस्ट पुढे पडतो आणि त्याची आडवी दांडी थेट डोक्यावर येते.

सामना सुरू झाला की

आता मुख्य गोष्ट. मुलाकडे पास येतोय. चेंडू पायाला लागण्याआधी त्याने एकदा खांद्यावरून मागे बघायला हवं, कोण येतंय, मोकळी जागा कुठे आहे. आठवडाभर आम्ही हेच शिकवतो. नेमक्या त्या क्षणी रेषेवरून वडील म्हणतात 'मार!', काका म्हणतात 'पास दे!', मागून कोणीतरी 'पळ पळ!'. मूल मान वळवतं, पण मैदानाकडे नाही, तुमच्याकडे. चेंडू तळव्याखालून निसटतो आणि समोरचा घेऊन जातो. मग तुम्ही म्हणता, लक्ष नाही याचं. लक्ष होतं. ते तुम्ही ओढून घेतलंत.

म्हणून एक साधा नियम पाळा: रेषेवरून आज्ञा नको. मार, दे, धाव, उडव, पकड, सगळ्या आज्ञाच. टाळ्या वाजवा, 'शाब्बास', 'मस्त', 'हरकत नाही', मुलाचं नाव, एवढं पुरे, आणि तेही चेंडू गेल्यावर. दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळ्या द्या. आपल्या मुलाने चूक केली की कपाळावर हात मारू नका. मुलं ते लांबूनही बघतात.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ भिडतात तेव्हाचा गजर ही कोल्हापूरची दौलत आहे, आणि त्याच गावचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. पण तो गजर मोठ्यांच्या सामन्यासाठी. दहा वर्षांखालच्या मुलांचा सामना ही त्यांची शिकवणी असते, फक्त गोलपोस्ट लावलेली.

उभं कुठे राहायचं? संघाच्या बाकाच्या समोरच्या बाजूला, रेषेपासून दोन-तीन मीटर मागे. गोलच्या मागे कधीच नाही, गोलकीपरला तिथून येणारा प्रत्येक शब्द बोचतो.

दोन-तीन नियम माहीत असले तर अर्धा आरडाओरडा कमी होतो. ऑफसाइड म्हणजे पास दिला जाताना चेंडूच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, त्यांच्या गोलजवळ असणं. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. आपल्या अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडूही ऑफसाइड नसतो. पाचास पाचच्या लहान गटात बहुधा ऑफसाइड धरतच नाहीत. आणि 2019 पासून गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या आतल्या सहकाऱ्यालाही देता येते. त्यामुळे गोलकीपरने शेजारच्या डिफेंडरला छोटा पास दिला की 'उडव बाहेर!' म्हणून ओरडू नका. मागून, म्हणजे आपल्या गोलपासून छोट्या पासांनी, खेळ बांधायला आम्हीच सांगितलेलं असतं. सुरुवातीच्या महिन्यांत त्यातून गोल बसतात, हे आम्हाला ठाऊक असतं. उडवायला शिकवणं सोपं आहे, पण चौदाव्या वर्षी दबावात पास देता येत नाही तेव्हा ती पोकळी भरून निघत नाही.

रेफरी अनेकदा सतरा-अठरा वर्षांचा, नुकताच शिकलेला मुलगा असतो. त्याच्या चुका होतील. त्याच्याशी बोलायचा हक्क फक्त कोचचा, तोही सामना संपल्यावर. रेफरीला शिव्या ऐकायला लागल्या की तो पुढच्या वर्षी येत नाही, आणि मग सामने घ्यायला माणूस मिळत नाही.

लहान गटात सगळ्यांना जवळपास सारखा वेळ खेळवतात, आणि अकरा-बारा वर्षांपर्यंत गोलकीपरही आलटूनपालटून. जिंकत असताना तुमचं मूल बाहेर बसलं तर ती शिक्षा नाही.

घरी जाताना

स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला सिग्नलला वळून 'तो दुसरा गोल कसा काय सोडलास?' असं विचारू नका. हरल्याचं त्याला कळलेलं असतं. आधी खाणं-पिणं, मग त्याला वाटलं तर तोच बोलेल. विचारायचंच असेल तर 'मजा आली का?' आणि 'आज काय नवीन जमलं?'. गोलमागे पन्नास रुपये असलं बक्षीस ठेवू नका. असं मूल पास द्यायचं थांबतं आणि संघातली मुलं ते दोन सामन्यांत ओळखतात.

कोचशी बोलायचं असेल तर

सामन्यानंतर लगेच नको. एक रात्र जाऊ द्या, मग फोन करून वेळ ठरवा. आपल्या मुलाबद्दल बोला, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना नको. 'माझ्या मुलाला का नाही खेळवत?' यापेक्षा 'त्याने कशावर मेहनत घ्यावी?' असं विचारलंत तर तुम्हाला कामाचं उत्तर मिळेल. मूल बाराच्या पुढे असेल तर आधी त्यालाच विचारायला लावा. ग्रुपवर मैदानाची सूचना तेवढी, तक्रार नाही आणि शुभ सकाळही नाही. महत्त्वाचा निरोप फुलांच्या फोटोंखाली गाडला जातो. इतरांच्या मुलांचे व्हिडिओ त्यांच्या पालकांना न विचारता रील म्हणून टाकू नका.

दुखलं-खुपलं तर

घोटा मुरगळला तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पट्टी, पाय उशीवर. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका आणि 'नस बसवणाऱ्या'कडे नेऊ नका, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. मुलाला त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

आठ ते चौदा वयात टाच दुखण्याची तक्रार फार येते. टाचेच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखलं तर बहुधा तिथल्या वाढत्या हाडावर ताण आलेला असतो. ते नाटक नाही. खेळ थोडा कमी करून आणि पोटऱ्या ताणून बरं होतं, पण हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटी झाली किंवा एका प्रश्नाचं उत्तर दोनदा वेगवेगळं दिलं, तर त्या दिवशी खेळ बंद. थेट दवाखाना. फायनल असली तरी. डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावरच परत, तेही टप्प्याटप्प्याने. डोक्याने चेंडू मारायचा सराव लहान गटात आम्ही घेत नाही, घरी गच्चीवरही घेऊ नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खेळून आलं की मुलाने साबणाने पाय धुवावेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी मैदानात नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'चिखलात खेळला होता' हे आवर्जून सांगा. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना लवकर यायला हवी.

मुली

बारा-तेराच्या वयात मुली खेळ सोडतात आणि कारण कोणी बोलत नाही. बहुतेक वेळा ते कपड्यांचं, स्वच्छतागृहाचं किंवा पाळीचं असतं. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची शॉर्ट आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एवढ्याने बरंच सुटतं. पाळीत खेळायचं नाही असा काही नियम नाही, जमेल तेवढं खेळावं. मैदानावर स्वच्छतागृह नसेल तर आम्हाला सांगा, आणि चार आया मिळून सांगा. एकटीचं ऐकलं जात नाही, चौघींचं ऐकतात.

परीक्षा आली की

सहामाही-वार्षिकच्या तारखा दोन-तीन आठवडे आधी कळवा. आठवड्यात तीन दिवसांऐवजी एक दिवस पाठवा, पूर्ण बंद करू नका. महिनाभर बसलेलं मूल परतल्या आठवड्यातच मांडी ताणून घेतं. गणितात मार्क कमी पडले म्हणून फुटबॉल बंद, ही शिक्षा तर नकोच. त्याने गणित सुधारत नाही, आणि शनिवारच्या सामन्यात संघातल्या बाकीच्या मुलांना एक खेळाडू कमी पडतो.

हंगाम संपला की लहान झालेले बूट आणि शिन गार्ड फेकू नका. माती झाडा, दोन्ही बुटांच्या लेस एकमेकींना बांधून जोडी करा, आत नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका आणि क्लबमध्ये आणून द्या. जूनमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा पहिली मागणी बुटांचीच असते.